गोष्ट सांगून झाल्यावर तात्पर्य सांगायचं की नाही?

गिरणाकाठ :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मी चाळीसगावकडे जि.प. शाळेवर आहे, तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. शनिवारी शेवटचा तास आम्ही गोष्टीला ठेवलाय, पुस्तक बंद, पंखा चालू असला तर चालू, सगळे खाली सतरंजीवर. मुलं या तासाची वाट बघतात हे मला माहितीये कारण शनिवारी हजेरी चांगली असते.

अडचण अशी की आमच्या एका वरिष्ठांनी सांगितलंय, प्रत्येक गोष्टीनंतर 'यावरून काय शिकलो' हे फळ्यावर लिहा आणि मुलांकडून वहीत उतरवून घ्या, म्हणजे काहीतरी पुरावा राहतो. तसं सुरू केलं. मागे हरवलेल्या बकरीची गोष्ट सांगितली, पोरगा रात्री कंदील घेऊन नाल्यात उतरतो अशी. त्यात कोणीच खोटं बोलत नाही, तरी अर्ध्या वर्गाने वहीत लिहिलं 'नेहमी खरे बोलावे'. म्हणजे गोष्ट संपली की मुलं गोष्टीतून उठून परीक्षेत जाऊन बसतात आणि ठरलेलं उत्तर काढून देतात. पण गोष्ट चालू असताना हीच मुलं श्वास धरून बसलेली असतात हो, एकीने तर बकरी सापडल्यावर टाळ्या वाजवल्या.

गोष्टीने माणूस शिकतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त ते शिकणं नेमकं कुठे होतं, गोष्टीत की गोष्टीनंतर, हे मला कळून घ्यायचंय. तुमचे अनुभव लिहा. खान्देशातल्यांनी तर लिहाच, आपल्याकडे सांगणारे काही कमी नाहीत.

केळीचा_घड :
ताई, अजिबात सांगू नका तात्पर्य. विषय संपला माझ्याकडून 😊

विठूचा_टाळ :
इतक्या लवकर कसा संपेल विषय केळीभाऊ. आमच्या घरात कीर्तन आहे, वडील अजूनही करतात, एरंडोल-धरणगाव पट्ट्यात. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पूर्वरंगात अभंग घेऊन तत्त्व सांगायचं आणि उत्तररंगात त्यावर आख्यान लावायचं. म्हणजे तुम्ही ज्याला तात्पर्य म्हणता ते आमच्याकडे गोष्टीच्या आधीच सांगून मोकळे होतात! आणि तरी लोक रात्री बारापर्यंत बसतात, बायका डोळे पुसतात. वारकरी कीर्तनात असं सरळ दोन भागात नसतं, तिथे एकच अभंग चरणाचरणाने सोडवत नेतात आणि मधेमधे दृष्टांत येतात, पण तिथेही उपदेश काही लपवलेला नसतो.

मला वाटतं तात्पर्य सांगणं हा प्रॉब्लेमच नाही. तात्पर्य कोणाच्या तोंडून येतं हा प्रॉब्लेम आहे. गाडगेबाबांचं कीर्तन कसं चालायचं हे आमच्या आजोबांनी पाहिलेलं. बाबा प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांनी द्यायचं. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं कापावं का, सगळं विचारून विचारून काढून घ्यायचे. आणि दिवसभर त्याच गावात खराटा मारलेला माणूस रात्री उभा राहून विचारतोय म्हटल्यावर गाव उत्तर देणारच ना.

तापीपूर्णा :
टाळभाऊंना अनुमोदन, एक भर घालतो. आमचं घर महानुभाव आहे. चक्रधर स्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशिराज बासांनी एकत्र केले, एकूण 114. तेराव्या शतकातली गोष्ट, म्हणजे मराठी गद्याची अगदी सुरुवातच. त्याची मांडणी बघा, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे एका ओळीचा सिद्धांत, दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते ते. हत्ती चाचपणारे आंधळे आपण सगळ्यांनी ऐकलेत, पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा, कान लागला त्याला सुपासारखा. हा दृष्टांत त्यात आहे.

आता गंमत बघा, सूत्र किती जणांना पाठ आहे? अभ्यासकांना. हत्ती? लहान पोरालाही. तरी स्वामींना सूत्र गाळावंसं वाटलं नाही, कारण नुसता हत्ती सांगितला तर माणूस त्यातून काहीही काढू शकतो, 'आंधळ्यांना काही कळत नाही' असं सुद्धा काढू शकतो, आणि ते तर दृष्टांताच्या बरोबर उलट झालं.

केळीचा_घड :
बरं बरं, मागे घेतो 🙏 हे वाचून विचार करावा लागेल

धडगावची_वाट :
तापीपूर्णा सर, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या कामाचं आहे म्हणून लिहितेय. मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याचं काम करते, डोंगरातली गावं. आमच्याकडे सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, घराघरात म्हटलं तरी चालेल. आई आणि बाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार पुढे देऊ शकणारे, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, वाहक होण्याची 50 आणि पूर्ण निरोगी असण्याची 25. हे पोस्टरवर चार चौकोन काढून समजावतात. लोक बघतात, मान हलवतात, घरी जातात.

मग एका कलापथकाने यावर नाटुकलं बसवलं. सोंगाड्या पार्टीच्या ढंगात, आमच्याकडे सोंगाड्या पार्टी म्हटलं की आख्खं गाव येतं. लग्न ठरतंय, तपासणी नको म्हणतात, मग मुलं होतात. गाव अक्षरशः रडलं. शेवटचा प्रवेश होता, आई रात्री दुखणाऱ्या पोराचे हातपाय दाबत बसलेली असते आणि शेजारीण बाहेरची बाधा म्हणून सांगून जाते, तिथे माझ्या शेजारी बसलेली म्हातारी उठून उभी राहिली आणि स्टेजकडे बघून ओरडली, दवाखान्यात ने त्याला! दुसऱ्या दिवशी तपासणीला रांग लागली, जी रांग पोस्टरने कधीच लागली नव्हती.

पण नाटकात जोडप्याला चार मुलं दाखवली होती आणि त्यातलं एक आजारी. हिशोबाने बरोबर वाटतं ना? गावात काय कळलं, तर एक पोर आजारी निघालं की पुढची तीन सुटली. एक बाई मला म्हणाली, माझा पहिला आजारी आहे, म्हणजे आता भीती नाही. आता काय सांगू तिला. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने टाकली जाते हे त्या गोष्टीत कुठेच नव्हतं. गोष्ट इतकी खोल गेली की तिच्यातली चूक पण तेवढीच खोल गेली, पोस्टरची चूक असती तर कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

नंतर त्या मंडळींनी शेवट बदलला. आता नाटकातली आशाताई प्रत्येक गरोदरपणात परत तेच विचारायला येते, आणि प्रेक्षकांतून कोणालातरी बोलावून चिठ्ठी उचलायला लावते, उचललेली चिठ्ठी परत डब्यात टाकून मगच पुढची. आता बरोबर कळतं. म्हणून मी म्हणेन तात्पर्य सांगा किंवा नका सांगू, पण लोकांनी काय नेलं ते दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा.

गिरणाकाठ :
बाप रे. धडगाव ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. 'काय शिकलो' असं विचारण्याऐवजी 'काय आठवतंय' असं सोमवारी विचारायचं, हे करून बघते.

पांढरं_सोनं :
मी कापूसवाला, पारोळा तालुका. शाळेचं मला कळत नाही पण गोष्टीच्या ताकदीचं सांगतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केलं ते सगळ्यांना आठवतच असेल. त्यानंतर कृषीवाल्यांची पत्रकं, फ्लेक्स, मोबाईलवर मेसेज, फरदड घेऊ नका (म्हणजे हंगाम संपल्यावर तोच कापूस पुढे राखू नका), पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा, अळी शिरलेल्या डोमकळ्या तोडून नष्ट करा. सगळं शंभर टक्के खरं. पण डिसेंबरनंतर पाणी असलं आणि झाडावर चार बोंडं दिसली की शेतकऱ्याचा हात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायला होत नाही, ते पैसे दिसतात त्याला.

एकदा आमच्याकडे शेतीशाळेत एका शेतकऱ्याला बोलायला उभं केलं. भाषण वगैरे काही नाही. खिशातून एक बोंड काढलं, बाहेरून हिरवंगार, टणक, बघणाऱ्याला वाटावं काय झक्कास बोंड आहे. म्हणे हे बघून मी दोन पाणी जास्त दिलं, खत टाकलं, बायको म्हणत होती उपटा, ऐकलं नाही. आणि बोलता बोलता अंगठ्याने फोडलं. आत सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला आणि मधे ती गुलाबी अळी वळवळतेय. कोणी काही बोललं नाही. मग त्याने सांगितलं की याच अळ्या पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या कापसात गेल्या आणि शेजारी म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. तिथे खरी गोष्ट लागली. स्वतःचं नुकसान माणूस सोसतो हो, भावाचं आपल्यामुळे झालं हे नाही सोसवत. त्या वर्षी आमच्या शिवारात बऱ्याच जणांनी वेळेवर पऱ्हाटी काढली.

रावेर_एक्सप्रेस :
पांढरं सोनं, अनुभव भारी आहे पण दुसरी बाजू पण लिहायला पाहिजे. हीच युक्ती बियाणं विकणारे पण वापरतात. पारावर एक जण येतो, अमक्या गावच्या तमक्याला या वाणाने एकरी इतके क्विंटल झाले, पोरीचं लग्न केलं, घर बांधलं. ती पण गोष्टच आहे आणि ती पण काळजाला लागते. एकाच्या शेतात झालं म्हणून दुसऱ्याच्या जमिनीत, दुसऱ्याच्या पाण्यावर होईलच असं नसतं, पण गोष्ट ऐकताना हे कोणाच्या डोक्यात येतं?

पंचतंत्र आपण मुलांचं समजतो. राजाच्या तीन मठ्ठ मुलांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत शहाणं करायचं कबूल केलं आणि गोष्टी सांगितल्या, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पहिलंच तंत्र उघडून बघा. दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री तोडतो आणि कशाने तोडतो, तर गोष्टी सांगून सांगून! करटक त्याला अडवतो तो पण गोष्टी सांगून. आणि जिंकतो दमनक, बैल मरतो. म्हणजे ज्याने ते रचलं त्याला पक्कं माहीत होतं की गोष्ट कोणाच्याही हातात चालते. राजाच्या पोरांना बहुतेक हेच शिकवायचं असणार, की कोणी गोष्ट सांगायला लागला की ऐका, पण तो ती आत्ताच का सांगतोय ते पण बघा.

पांढरं_सोनं :
मान्य रावेरभाऊ. फरक एवढाच धरा की आमच्या शेतकऱ्याने बोंड फोडून हातात दिलं, कोणीही आपल्या शेतात जाऊन फोडून बघावं. पारावरच्या तमक्याचं घर बघायला कोणी गेलेलं नसतं.

रावेर_एक्सप्रेस :
हा फरक मस्त पकडला 👌 जी गोष्ट ऐकून स्वतः तपासता येते ती वेगळी.

आखाजीचा_झोका :
तुमची चर्चा वाचून राहवलं नाही. सगळे सांगणारे पुरुष आणि सरकारी झाले की काय 🙂 आपल्याकडे गोष्ट बायकांनी जात्यावर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर, गुलाबाईच्या गाण्यात आणि कानबाई देवीच्या जागरणात जपली. भादव्यातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी गुलाबाईची गाणी म्हणायचो, सासू कशी, नणंद कशी, माहेरचा मुऱ्हाळी कधी येणार. तेव्हा नुसतं खाऊ ओळखायची मजा वाटायची. सासरी आल्यावर पहिल्या दिवाळीला माहेरून कोणी आलं नाही तेव्हा ती गाणी आतून वर आली, आणि कळलं की हे मला आधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं, आणि या दुःखात मी काही पहिली नाही. त्याला शिकणं म्हणा नाहीतर काही म्हणा.

बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, लिहिता वाचता येत नव्हतं. 1951 च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि 1952 ला पुस्तक आलं, तेही मुलाने, सोपानदेवांनी, म्हटलेलं टिपून ठेवलं आणि अत्र्यांना दाखवलं म्हणून. नाहीतर शेतात घरात म्हटलं तेवढंच राहिलं असतं. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. किती बायांचं कोणीच टिपलं नाही याचा विचार केला की जीव तुटतो.

आणि गिरणाकाठ ताई, एक सुचवू का? अहिराणीत सांगून बघा गोष्ट. प्रमाण मराठीतली गोष्ट आमच्या खेड्यातल्या पोराला पाहुण्यासारखी वाटते, समोर नीट बसावं लागतं. 'एक गावमा एक डोकरी राहे' म्हटलं की ते गुडघ्याला गुडघा लावून बसतं.

गिरणाकाठ :
ताई, मध्यंतरी केलं हे, आणि आमच्याकडे एक मुलगा आहे तो वर्गात हूं की चूं करत नाही, तो मधेच 'मंग काय व्हयनं बाई?' म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर पुढची अर्धी गोष्ट त्यानेच सांगितली, त्याच्या आजीकडून ऐकलेली वेगळी निघाली ती.

अमळनेरी :
साने गुरुजींचं नाव अजून कोणी कसं काढलं नाही? 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला शिक्षक, छात्रालयात मुलांबरोबर राहायचे, त्यांच्यासाठी हाताने 'छात्रालय' दैनिक लिहायचे. 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत ते गुरुजींनी टिपून घेतलं म्हणून आज आपल्या हातात आहे. पुढच्या वर्षी 1933 ला नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय कारण आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री सांगितलेल्या आठवणी अशी ती रचना आहे. म्हणजे पुस्तक असलं तरी मूळ बैठक सांगणाऱ्याची.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो ताई. त्या पुस्तकात आई तात्पर्य सरळ सरळ सांगते, अजिबात आडपडदा नाही. ओल्या पायाला माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो, तेव्हा आई आधी आपलं लुगडं पसरते, त्यावर पाय ठेवू देते, आणि मग मनाला घाण लागू नये यासाठीही जप असं सांगते. लुगडं आधी ओलं झालंय, मगच ती बोललीये. फळ्यावरच्या 'नेहमी खरे बोलावे'साठी कोणाचं काही ओलं झालेलं नसतं, म्हणून ते वहीतच राहतं. तुमच्या बकरीच्या गोष्टीतला पोरगा रात्री नाल्यात उतरला, त्याला काय वाटलं हे त्याच्याच तोंडून येऊ द्या, तेवढं तात्पर्य चालेल, पळेल.

विठूचा_टाळ :
अमळनेरी सर, साष्टांग 🙏 वडिलांना वाचून दाखवलं हे.

नवापूरकर :
छोटी भर. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 ला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गेले. पुस्तकात तारीख आणि नाव. शिरीषकुमारला सोळा पण पूर्ण झाली नव्हती. आमचे सर वर्गात विचारायचे, तुमच्यात पंधराचे कोण कोण, उभे राहा. आणि मग उभे असतानाच सांगायचे, घर गुजराती म्हणून घोषणा गुजरातीत, 'नहीं नमशे', हातात झेंडा. सगळं सांगून होईपर्यंत खाली बसा म्हणायचे नाहीत. त्यांनी तात्पर्य काही सांगितलेलं आठवत नाही, पण ते उभं राहणं अजून लक्षात आहे.

अस्तंबा_यात्री :
तळोद्याहून लिहितोय. मी पण शिक्षक, आश्रमशाळेवर. सातपुड्यातला अस्तंबा डोंगर आपल्या लोकांना माहितीच आहे, दिवाळीत यात्रा भरते, तरुण पोरं रात्र रात्र चालत शिखरावर जातात. अश्वत्थामा तिथे फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो असं सांगतात. मी ही गोष्ट दर वर्षी सांगतो, अगदी सगळी. झोपलेल्या मुलांना त्याने मारलं, द्रौपदीची पाचही मुलं, म्हणून कपाळावरचा मणी काढून घेतला आणि मरण नाही असं भटकायला लावलं. यात तात्पर्य काय काढायचं? पाप केलं की शिक्षा होते, झालं. पण मागच्या खेपेला एका मुलीने विचारलं, सर त्याला कोणी तेल का देत नाही?

गिरणाकाठ :
मग? काय उत्तर दिलंत दादा?

अस्तंबा_यात्री :
मी काही बोलायच्या आतच वर्गात वाजलं. एक गट म्हणे त्याने लहान लहान मुलं मारली, का द्यायचं? दुसरा गट म्हणे जखम तर दुखतेच ना. एक जण म्हणाला तेल द्यायचं पण जवळ बसायचं नाही, लांब ठेवून यायचं. जिने विचारलं ती म्हणाली मी माझ्या आईला विचारून देईन. पंधरा वीस मिनिटं चाललं हे, काही भिली भाषेत, काही पावरीत, मी मधे पडलो नाही. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, द्रौपदीने दिलं असतं का सर?

ते मला तेव्हा सांगता आलं नाही म्हणून घरी येऊन शोधलं. भागवतात पहिल्या स्कंधात आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो आणि द्रौपदीच म्हणते सोडा त्याला, मी माझ्या मुलांसाठी रडतेय तशी याच्या आईने रडू नये. महाभारताच्या सौप्तिक पर्वात हे असं नाही, तिथे ती त्याचा जीव मागत हट्टाला बसते. दोन्ही सांगायच्यात मुलांना, आधी सौप्तिक पर्वातली, मग भागवतातली. कोणाचं पटतं ते त्यांचं ते बघतील. शनिवारी घेतोय, झालं की इथे लिहितो.